शकुंतलेची वाट तुटू देऊ नका

यवतमाळ, लोहारा, लाडखेड, बोरीअरब, दारव्हा ते थेट कारंजा-मूर्तिजापूरपर्यंतच्या गावकऱ्यांनो, आणि जाड टायरच्या सायकली घेऊन या शिवारांतून फिरणाऱ्या दोस्तांनो,

शकुंतला थांबून आता बरीच वर्षं झाली. गाडी गेली, पण तिची वाट अजून आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, अडीच फुटी रुळांची. सागाच्या जंगलातून, कपाशी-तुरीच्या शेतांमधून आणि नाल्यांवरच्या मोऱ्यांवरून ती जाते. गावाच्या नकाशावर ती आजही एका रेघेत दिसते. जमिनीवर मात्र ती गवत, बाभूळ आणि अतिक्रमण या तिघांच्या तावडीत आहे. बेवारस दिसणाऱ्या लाइनीचं काय होतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. भरावाचा मुरूम ट्रॅक्टरमधून जातो, स्थानकाच्या चौकटी निघतात, नांगर दरवर्षी एक तास आत सरकतो. पाच वर्षांनी जागेवर उभं राहिलं तर लाइन इथून गेली होती की तिथून, यावर भांडण लागतं.

म्हणून हे आवाहन. ही पट्टी सलग राहू द्या. तिची मोजणी, तिच्या हद्दीच्या खुणा आणि ग्रामसभांचे ठराव याच हिवाळ्यात झाले पाहिजेत. पुढच्या हिवाळ्यात नको, कारण वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या ब्रॉडगेजचं काम आपल्या जिल्ह्यात चालू आहे. तिचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. पुढे ती यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेडकडे जाते. म्हणजे यवतमाळ–दारव्ह्यादरम्यान नवी लाइन जुन्या लाइनीच्याच टापूत येते. मोठं काम चालू असतं तिथे जुनं, विचारणारं कोणी नसलेलं बांधकाम आधी नाहीसं होतं. नवी गाडी येते आहे याचा आनंद आम्हालाही आहे. तिच्या धामधुमीत जुनी वाट नकळत पुसली जाऊ नये, एवढंच आम्ही मागतो.

ही वाट काय आहे, हे तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मुख्य लाइनीवर आणि तिथून मुंबईला, पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचवायचा, यासाठी किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ही लाइन उभी केली. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही मालकी तशीच राहिली आणि आपल्याच रेल्वेने या लाइनीवर गाडी चालवली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेलं वाफेचं झेडडी इंजिन १९९४ पर्यंत ती गाडी ओढत होतं. मग डिझेल इंजिन आलं. वेग ताशी वीसेक किलोमीटरचा. स्थानकांवर माणसं नव्हती, तेव्हा गाडीसोबतचे कर्मचारीच तिकीट द्यायचे आणि सिग्नलही करायचे. बाजारहाटाला जाणारी, दवाखान्यात जाणारी, माहेरी निघालेली माणसं तिच्यात बसायची, कारण बसचं तिकीट परवडायचं नाही. कापूस नेण्यासाठी आणलेली गाडी अशी गोरगरिबांची झाली, आणि म्हणून तिला कोणी आकड्याने ओळखत नाही, नावाने ओळखतं.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. शकुंतला ब्रॉडगेज होऊन परत यावी म्हणून कारंजा, मूर्तिजापूर, अचलपूर भागातली माणसं अनेक वर्षं झगडत आहेत. २०१६ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी रूपांतराची घोषणाही केली होती. या मंडळींना आमच्याबद्दल शंका येणं स्वाभाविक आहे. सायकलचा रस्ता झाला की गाडीचा विषय कायमचा संपेल, असं त्यांना वाटेल. त्यांना आम्ही हात जोडून सांगतो, आम्ही गाडीच्या आड येणार नाही. उलट, गाडी परत यायची असेल तर पट्टी शिल्लक असायला हवी, आणि रिकामी पट्टी टिकत नाही. वापरात असलेली टिकते.

अमेरिकेने १९८३ मध्ये यासाठी कायद्यातच सोय केली. बंद पडलेल्या लाइनीची जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकली जाऊ नये म्हणून तिच्यावर चालण्या-सायकलीचा मार्ग करायचा, आणि उद्या गरज पडली तर रेल्वेने ती परत घ्यायची. हा हक्क कागदावर राखून ठेवलेला असतो. म्हणजे मार्ग हा त्या जमिनीचा राखणदार. आपल्याकडे असा कायदा नाही, पण तसा करार करायला कोणाची मनाई नाही. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाने, जिल्हा प्रशासनाने आणि ग्रामपंचायतींनी मिळून 'रेल्वेला लागेल तेव्हा परत' या अटीवर ही पट्टी सांभाळायला घेतली, तर ब्रॉडगेजची मागणी करणाऱ्यांचा हात बळकटच होईल.

पट्टी हातची गेली की काय होतं, याचं उदाहरण बाहेर शोधायला नको. दारव्ह्याहून पुसदला जाणारी अडीच फुटी लाइन होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिचे रूळ काढून नेले आणि पुसद रेल्वेच्या नकाशावरून गेलं. आता वर्धा–नांदेड ब्रॉडगेज त्याच पुसदला जायची आहे. २००८-०९ मधली तिची मंजुरी. शेतकऱ्यांच्या जमिनी नव्याने घ्याव्या लागल्या, मोजण्या झाल्या, मोबदल्याचे वाद झाले आणि पहिली गाडी कळंबपर्यंत यायलाच पंधरा वर्षं गेली. पुसदच्या ज्या पिढीने रूळ निघताना पाहिले, तिला ते परत पाहायला मिळाले नाहीत. रूळ पुन्हा टाकता येतात. हातातून गेलेली जमीन परत मिळवायला दोन पिढ्या लागतात.

आणि पट्टी राखली तर काय होतं, याचं उदाहरण न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतात आहे. तिथली मध्य ओटागो लाइन १९९० मध्ये बंद झाली. भोवती मेंढपाळांची कोरडी, उजाड गावं. दुकानं आणि शाळा टिकवायला झगडणारी. १९९३ मध्ये तिथल्या संवर्धन खात्याने जमीन ताब्यात घेतली, पूल आणि बोगदे जपले, आणि २००० मध्ये मिडलमार्च ते क्लाइड हा १५२ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. सुरुवातीला शेतकऱ्यांना शंका होती. अनोळखी माणसं शेताकडेने जाणार, फाटकं उघडी टाकणार, जनावरं बिथरणार. आज त्याच गावांतली जुनी हॉटेलं आणि घरं सायकलवाल्यांच्या मुक्कामावर चालतात. आम्हाला त्यातलं मोलाचं वाटतं ते कामाचा क्रम. आधी जमीन राखली, मार्ग सात वर्षांनी झाला. आपल्याकडे घोषणा आधी होते, निविदा मग, आणि जमीन सगळ्यांत शेवटी पाहिली जाते. तेव्हा ती उरलेली नसते.

आपली वाट मध्य ओटागोपेक्षा तसूभरही कमी नाही. यवतमाळ घाटमाथ्यावर आहे आणि दारव्हा खाली. आगगाडीला खडा चढ चालत नाही, त्यामुळे लाइन आखणाऱ्यांनी उतार लांबवत नेला आहे. डांबरी रस्ता जिथे सरळ चढतो, तिथे लाइन वळसा घेते. नवख्या माणसालाही सायकलवर झेपेल असा हा उतार. गाव सोडलं की लोहारा येतं, आणि इथेच पहिल्यांदा सायकल उभी करावी. आईन-ए-अकबरीत यवतमाळचा उल्लेख 'योत-लोहारा' असा आहे. म्हणजे सव्वाचारशे वर्षांपूर्वी या दोन गावांची नावं जोडीने लिहिली जात. लोहाऱ्यातलं कमळेश्वराचं हेमाडपंती मंदिर यादवांच्या काळातलं. काळा दगड, एकावर एक बसवलेला, चुना न वापरता. दगडांचं वजन आणि त्यांच्या खाचा यांवरच हे बांधकाम उभं राहतं. म्हणूनच एक दगड सरकला की त्यावरचे सगळे ढिले होतात. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी, ट्रकांच्या वर्दळीपासून जवळ, हे मंदिर उभं आहे हे यवतमाळच्या कितीतरी शाळकरी मुलांना माहीतही नाही.

तिथून पुढे मुरमाड बरड जमीन आणि सागाचं जंगल. फेब्रुवारीत साग निष्पर्ण होतो आणि मोठ्या पानांचा थर इतका जाड पडतो की चाकाखालचा दगड दिसत नाही. त्याच दिवसांत पळस फुलतो. शिमग्याच्या सुमारास पहाटे मोहाच्या फुलांचा वास शिवारभर असतो. पोळ्याच्या दिवसांत हाच मुलूख हिरवा असतो, पण तेव्हा काळ्या भारी मातीत सायकल घालू नये. दहा पावलांत माती चाकाला आणि फोर्कला लिंपते आणि चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर. दिवाळीनंतर वाट सुकते. कपाशी फुटलेली, तूर डोक्याएवढी, आणि वेचणाऱ्या बाया ओळीने पुढे सरकत असलेल्या. लाडखेड लागतं, पुढे बोरीअरबला अडाण नदी, मग दारव्हा. इथलं स्थानक दारव्हा-मोतीबाग या नावाने ओळखलं जातं. दारव्ह्यापुढे वाट वाशिम जिल्ह्यात कारंज्याला पोचते. कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, जुन्या जैन मंदिरांचं आणि वेशींचं गाव. तिथल्या एका वेशीचं नाव दारव्हा वेस आहे. दोन गावांमधली ही वाट रेल्वेच्याही आधीची आहे, हे त्या दगडी वेशीवरून कळतं. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याचा गवताळ प्रदेशही त्याच तालुक्यात. मध्ययुगीन मंदिर, ब्रिटिश काळातली स्थानकं, जुन्या गावाची वेस, साग आणि गवताळ माळ, एका ओळीत दोन दिवसांच्या सायकलवाटेवर. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या गडवाटांचं कौतुक भरपूर झालं. या वाटेचं व्हायचं आहे.

आता सायकलवाल्यांशी थोडं कडक बोलतो, कारण हे आवाहन त्यांनी पाळलं नाही तर गावकऱ्यांनी ते ऐकण्याचं कारण उरत नाही.

करार होईपर्यंत रुळांवर आणि भरावावर सायकल घालू नका. जागा रेल्वेची आहे आणि परवानगीशिवाय तिथे शिरणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. लाइनीच्या शेजारून, गावांना जोडणारे पांदण रस्ते आणि जुने बैलगाडीचे रस्ते आहेत. ते वापरा. फाटकाच्या जागी लाइन ओलांडा, स्थानक बाहेरून पाहा, फोटो काढा. गंजलेली खिळपट्टी किंवा लोखंडी पाटी 'आठवण' म्हणून बॅगेत टाकणारा माणूस चोरच आहे. तो सायकलवरून आला म्हणून वेगळा ठरत नाही. मंदिराच्या आवारात पडलेलं शिल्प, वीरगळ, कोरलेला दगड उचलून सरळ उभासुद्धा करू नका. तो जिथे पडला आहे ती जागाही अभ्यासकाला काही सांगत असते.

शेतात पीक उभं असताना धुऱ्यावरून सायकल दामटू नका, उतरून हातात धरा. बैलजोडी समोरून आली तर बाजूला थांबा. घंटी वाजवली की बैल बुजतात. विहिरीवर पाणी मागितलं तर कोणी नाही म्हणणार नाही, पण न विचारता मोटर चालू करू नका. वाटेतल्या गावात थांबा, चहा घ्या, कुणाच्या घरी भाकर-पिठलं मिळालं तर त्याचे पैसे आग्रहाने द्या. शहरातून डबा बांधून आणायचा आणि गावात फक्त प्लास्टिकचा कचरा ठेवून जायचं, असं करणाऱ्याचं या वाटेवर काम नाही.

सराटे आणि बाभळीचे काटे प्रत्येक चाकाची परीक्षा घेतात, म्हणून ट्यूब, पंप आणि पॅच जवळ असू द्या. एप्रिल-मे मध्ये येऊच नका. पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि सावली मिळत नाही. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली लावलेली आग कधीकधी जंगलात पसरते. धूर दिसला तर फोटो काढत थांबू नका, आधी वनखात्याला कळवा.

अंधारात या वाटेवर सायकल नको. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी गावात पोचा, सकाळी ऊन पडल्यावर निघा. एक कारण जनावरांचं. रानडुक्कर, रोही, अस्वल, बिबट या भागाला नवे नाहीत. टिपेश्वर अभयारण्यातला एक नर वाघ रेडिओ कॉलर घालून २०१९ च्या पावसाळ्यात निघाला आणि नाले, शेतं, रस्ते ओलांडत सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. अभयारण्याची हद्द वाघाला दिसत नसते. राळेगाव-पांढरकवडा भागाने २०१८ मध्ये टी-१ वाघिणीच्या काळात जे सोसलं, ते आपण विसरलेलो नाही. तिथली माणसं महिनोन् महिने शेतात जायला घाबरत होती. जंगलाकडेच्या गावाचं भय वाढेल असं काही आपल्या हातून होता कामा नये.

दुसरं कारण तारांचं, आणि हे आम्ही शेतकरी बांधवांना उद्देशून लिहितो. डुकरं आणि रोही रात्रीतून पीक लोळवतात, रात्र-रात्र जागल करावी लागते, नुकसानभरपाईसाठी चकरा माराव्या लागतात, हे सगळं खरं आहे आणि त्यात तुमचा दोष नाही. पण खांबावरून आकडा टाकून कुंपणात थेट वीज सोडू नका. झटका मशीन जनावराला परतवतं. थेट करंट जीव घेतो. त्याला डुक्कर आणि माणूस यांतला फरक कळत नाही. त्या तारेवर आधी पाय पडतो तो बहुतेकदा शेजारच्या शेतकऱ्याचाच, पहाटे पाणी द्यायला निघालेल्याचा. झटका मशीनसाठी अनुदानाची मागणी तुम्ही केली तर तिच्यावर पहिली सही आम्ही करू.

पांदण रस्त्यांचंही तसंच. शेतात जायचा रस्ता अडला की पहिला फटका शेतकऱ्याला बसतो. बैलगाडी अडते, पिकलेला माल डोक्यावर वाहून काढावा लागतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधल्या कलम ५ नुसार रस्त्यातला अडथळा दूर करायचे अधिकार तहसीलदारांना आहेत. २०२१ मध्ये पाणंद रस्त्यांच्या कामांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही आली. ज्या गावात पांदण मोकळी होते, तिथे ट्रॅक्टर जातो, शाळेची मुलं जातात आणि सायकलही जाते. हा आमचा आणि तुमचा एकच लढा आहे.

तर करायचं काय? लाइनीलगतच्या प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. २६ जानेवारीची सभा चुकवू नका. तलाठ्याकडून गावनकाशाची प्रत काढा, लाइनीची रेघ त्यावर आहे का पाहा, आणि तिच्या लगतच्या गटांच्या मोजणीची मागणी भूमी अभिलेख कार्यालयाकडे करा. शाळा-महाविद्यालयांनी आपापल्या हद्दीतल्या मोऱ्या, पूल, स्थानकं, मैलाचे दगड यांची छायाचित्रांसह नोंद करावी. ज्यांनी या गाडीत नोकरी केली ती माणसं आता वयाने थकली आहेत. त्यांच्याशी बोलून घ्या, लवकर. सायकल क्लबांनी आपापला टप्पा वाटून घ्यावा आणि महिन्यातून एकदा तिथे जाऊन काय बदललं ते लिहून काढावं. अतिक्रमण दिसलं तर भांडायला जाऊ नका. तारीख आणि जागा टिपून रेल्वेला आणि तहसीलला लेखी कळवा, पोच घ्या. आमदार-खासदारांना पत्र लिहिताना 'परत घेण्याच्या अटीवर' हे शब्द वगळू नका. गाडीसाठी लढणारे आणि सायकलवाले एका कागदावर येतील ते याच शब्दांमुळे.

ठराव कसा लिहावा, असं काही गावांनी विचारलं तर हा मसुदा वापरा आणि त्यात आपल्या गावाचं नाव घाला:

'आमच्या गावाच्या शिवारातून जाणारी यवतमाळ–मूर्तिजापूर रेल्वेची पट्टी सलग ठेवावी, अशी ही ग्रामसभा मागणी करत आहे. रेल्वे प्रशासनाने व भूमी अभिलेख कार्यालयाने तिची संयुक्त मोजणी करून हद्दीच्या खुणा बसवाव्यात. या पट्टीवरील पूल, मोऱ्या, स्थानक व झाडं ग्रामसभेला कळवल्याशिवाय पाडू, तोडू अथवा हलवू नयेत. रेल्वे पुन्हा सुरू होईपर्यंत, रेल्वेला लागेल तेव्हा परत करण्याच्या अटीवर, ही पट्टी चालण्यासाठी व सायकलसाठी खुली करावी, आणि तिच्या देखभालीचं काम प्राधान्याने गावातल्या तरुणांना व महिला बचत गटांना द्यावं. ठरावाच्या प्रती जिल्हाधिकारी, तहसीलदार आणि मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाच्या विभागीय व्यवस्थापकांना पाठवाव्यात.'